वजन कमी करण्याच्या ऑपरेशनआधी घरात काय तयार हवं

बॅरिअॅट्रिक ऑपरेशन ठरलं की घरातल्या सगळ्या चौकश्या ऑपरेशनबद्दलच असतात. स्लीव्ह की बायपास, किती तास लागतील, खर्च किती, किती किलो उतरेल. पण दुर्बिणीतून ऑपरेशन झालेला पेशंट बहुतेक वेळा दोन-तीन दिवसांत घरी येतो. पुढचे सहा ते आठ आठवडे मग स्वयंपाकघर, पाण्याची बाटली आणि औषधांचा डबा यांच्या भरवशावर जातात. या काळात जे बिघडतं, त्यातलं बरंचसं म्हणजे पाणी कमी पडणं, प्रोटीन कमी पडणं, उलट्या होणं, घास अडकणं. घर आधी लावून ठेवलं तर हे टळू शकतं. त्यामुळे पुढचं सगळं पेशंटने वाचावंच, पण त्याला जेवू घालणाऱ्या माणसाने आधी वाचावं.

पोट किती उरतं हे आकड्यांत कळलं की सूचनांमागची कारणं आपोआप कळतात. स्लीव्हमध्ये जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग कापून काढतात आणि केळ्यासारखी अरुंद नळी उरते. तिच्यात १०० ते १५० मिली मावतं. बायपासमध्ये अन्नासाठी वरची ३० मिलीच्या आसपासची पिशवी ठेवून ती थेट लहान आतड्याला जोडतात. सुरुवातीला शिवणीच्या कडेने सूज असते, म्हणून प्रत्यक्षात याहूनही कमी आत जातं. जुन्या सवयीने घेतलेला एक मोठा घोटही छातीत दुखतो किंवा उलटून पडतो.

आधीचे दोन आठवडे

बहुतेक सर्जन ऑपरेशनआधी दोन आठवडे ८०० ते १००० कॅलरींचा आहार देतात. त्यात प्रोटीन जास्त आणि भात, पोळी, साखर कमी असते. हा आहार मुख्यतः यकृतासाठी असतो. यकृताचा डावा भाग जठरावर आडवा येतो. तो चरबीने मोठा आणि जड झालेला असेल तर उचलून बाजूला धरणं कठीण जातं, त्यातून रक्तस्राव होऊ शकतो, आणि क्वचित दुर्बीण सोडून पोट उघडावं लागतं. पिष्टमय पदार्थ कमी केले की यकृत दोन आठवड्यांतही लक्षणीय आक्रसतं. म्हणून ‘आता पुन्हा कधी खायला मिळणार’ म्हणत केलेल्या मिसळ-पुरणपोळीच्या मेजवान्या थेट ऑपरेशन टेबलावर नडतात. हौस करायचीच असेल तर तारीख ठरण्याआधी करून घ्या.

मधुमेह असेल तर या दोन आठवड्यांत कोणतं औषध किती घ्यायचं, हे डॉक्टरांकडून लेखी घ्या. आहार निम्म्यावर आला आणि इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड पूर्वीइतकंच चालू राहिलं तर साखर धोकादायक खाली जाते. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातल्या गोळ्या ऑपरेशनच्या किमान तीन दिवस आधी थांबवाव्या लागतात. तसं न केल्यास रक्तातली साखर फार वाढलेली नसतानाही कीटोअॅसिडोसिस, म्हणजे रक्तात आम्ल साचण्याचा गंभीर त्रास, होऊ शकतो. आठवड्यातून एकदा घ्यायचं सेमाग्लुटाइड किंवा टिर्झेपाटाइडचं इंजेक्शन चालू असेल तर भूलतज्ज्ञाला आवर्जून सांगा. त्याने पोट उशिरा रिकामं होतं, आणि भूल देताना पोटातलं वर येऊन श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. घोरण्यावर सीपॅप मशीन लावत असाल तर ते बॅगेत पहिलं भरा. ऑपरेशनच्या रात्रीच त्याची सगळ्यात जास्त गरज असते.

तंबाखू किमान सहा आठवडे आधी बंद हवा. सिगारेट, विडी, गुटखा, तंबाखू-चुना आणि मिश्री, सगळंच. मिश्रीचं नाव मुद्दाम घेतलं, कारण अनेक घरांत ती दात घासायची वस्तू समजली जाते आणि ‘काही व्यसन?’ या प्रश्नाला उत्तर ‘नाही’ असं येतं. निकोटीनने रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि शिवण नीट भरत नाही. धुम्रपानाचा दुसरा फटका बायपासवाल्यांना बसतो, त्यांच्या जोडाच्या जागी अल्सर होतो. हॉस्पिटलातून आल्यावर पुन्हा सुरू केलं तरी धोका तोच.

पाणी

घरी आल्यावर पहिला आठवडा बहुतेक जण पाण्यावरच अडतात. तहान लागली तरी घटाघटा पिता येत नाही, आणि न पिता बसलं तर मळमळ वाढते. मळमळ वाढली की पिणं आणखी कमी होतं. डिस्चार्जनंतर पुन्हा सलाईन लावायला दाखल व्हावं लागण्याचं हे एक नेहमीचं कारण आहे.

उपाय मोजण्यात आहे. दर १५ मिनिटांनी ३० मिली घेतलं तर तासाला १२० मिली होतं, आणि जागेपणीच्या १४ तासांत १,६८० मिली. दिवसाचं लक्ष्य साधारण दीड ते दोन लिटर असतं, म्हणजे ते घोटाघोटानेच पूर्ण होतं. त्यासाठी ३० मिलीचे चार-पाच छोटे कप आणून ठेवा. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवरचं मापाचं झाकणही चालतं, फक्त त्यावरची खूण वाचून ३० मिलीला किती झाकणं लागतात ते ठरवा. हे ३० मिलीसुद्धा एका दमात नाही, दोन-तीन घोटांत. मोबाइलवर गजर लावा. दिवसभराचं पाणी सकाळीच एका बाटलीत भरून ठेवलं की संध्याकाळी किती उरलं ते डोळ्यांना दिसतं.

साधं पाणी नको वाटत असेल तर मलई नसलेलं नारळपाणी, बिनसाखरेचं पातळ लिंबूपाणी, गाळलेलं टोमॅटोचं सार, भाज्यांचं किंवा चिकनचं गाळलेलं सूप, पातळ गाळलेलं ताक चालतं. तिखट फोडणी नको. सोडा आणि कोल्ड्रिंक नको. स्ट्रॉने पिऊ नका, हवा पोटात जाते आणि कळ येते. उसाचा रस, डब्यातले फळांचे रस, साखरेचं सरबत घरात आणूच नका. बायपासनंतर, आणि काहींना स्लीव्हनंतरही, साखर एकदम आतड्यात उतरल्यावर १० ते ३० मिनिटांत घाम, धडधड, पोटात कळ आणि जुलाब होतात. याला डंपिंग म्हणतात. दुसरा प्रकार एक ते तीन तासांनी येतो. त्यात इन्सुलिन जास्त सुटून रक्तातली साखर खाली जाते, हातपाय थरथरतात, चक्कर येते.

प्रोटीन, आणि पेजेचा गैरसमज

आजारी माणसाला पेज द्यायची, वरणाचं पाणी द्यायचं, साबुदाण्याची लापशी द्यायची, ही आपल्याकडची जुनी रीत आहे आणि ती मायेने केली जाते. पण या ऑपरेशननंतर ती पुरत नाही. पेज आणि साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. वरणाची वरची निवळी पाणी म्हणून ठीक, पण डाळीतलं प्रोटीन बहुतांश तळाशी राहतं. एवढ्याशा पोटात या गोष्टी भरल्या की गरजेच्या गोष्टीला जागाच उरत नाही.

रोजचं लक्ष्य साधारण ६० ते ८० ग्रॅम प्रोटीनचं असतं. ते कमी पडलं तर शरीर चरबीबरोबर स्नायूही जाळतं, जखम उशिरा भरते, थकवा हटत नाही. आता हिशेब करा. १०० मिली दुधात ३.३ ग्रॅमच्या आसपास प्रोटीन असतं, म्हणजे फक्त दुधावर ६० ग्रॅम गाठायला सुमारे १.८ लिटर दूध प्यावं लागेल. ताकात पाणी घातलेलं असल्याने आणखी कमी. म्हणून पहिल्या दोन आठवड्यांत प्रोटीन पावडरशिवाय भागत नाही. शाकाहारी घरांत तर नाहीच. ‘पावडर म्हणजे जिमवाल्यांचं काहीतरी’ ही शंका ऑपरेशनआधीच मिटवून टाका. व्हे आयसोलेट म्हणजे दुधाच्या निवळीपासून काढलेली प्रोटीन पावडर. तिच्या ३० ग्रॅमच्या एका स्कूपमधून सुमारे २५ ग्रॅम प्रोटीन मिळतं. असे दोन स्कूप, ३०० मिली साय काढलेलं दूध आणि थोडं घोटून गाळलेलं मुगाचं वरण एवढ्यात ६० ग्रॅम गाठता येतात.

आयसोलेट घ्यायचं कारण त्यात लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, फार कमी असते, आणि ऑपरेशननंतर अनेकांना दुधाने पोट फुगण्याचा त्रास नव्याने सुरू होतो. मोठा डबा मात्र आधीच आणू नका. ऑपरेशननंतर चव बदलते, आधी आवडलेलं चॉकलेट नंतर वासानेही नकोसं होतं. दोन-तीन चवींची छोटी पाकिटं घ्या, त्यातली एक बिनचवीची असू द्या, म्हणजे ती सारात किंवा वरणात मिसळता येते. उकळत्या पदार्थात टाकली तर गाठी होतात. पदार्थ कोमट झाल्यावर घाला आणि फेस खाली बसला की मगच प्या. फेसातली हवा गिळली की तासभर कळा येतात.

कोणत्या आठवड्यात काय

प्रत्येक सर्जनचा तक्ता थोडा वेगळा असतो आणि तुमच्या हातात दिलेला तक्ता अंतिम. साधारण क्रम असा: पहिले एक-दोन दिवस पारदर्शक पातळ पदार्थ, दुसऱ्या आठवड्याच्या अखेरपर्यंत घट्टसर पण गाळलेले पातळ पदार्थ, तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मिक्सरमधून काढलेलं, पाचव्या-सहाव्यात मऊ, आणि त्यानंतर हळूहळू नेहमीचं जेवण. एखादा टप्पा लवकर ओलांडण्याचा मोह दहाव्या-बाराव्या दिवशी होतो, कारण तेव्हा दुखणं थांबलेलं असतं. पण दुखणं थांबलं म्हणजे आतली शिवण भरली असं नाही. ताज्या शिवणीवर घट्ट अन्नाचा दाब देऊ नका.

मिक्सरच्या टप्प्यात आपलं स्वयंपाकघर कामाला येतं. घट्ट मुगाचं वरण, मिक्सरमध्ये फिरवलेलं पनीर, चक्का, मऊ उकडलेलं अंडं, उकडून काटे नीट काढलेला मासा, शिजवून वाटलेलं चिकन, भिजवून-शिजवून वाटलेला सोयाचा चुरा. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम, १०० ग्रॅम पनीरमध्ये १८ ग्रॅमच्या आसपास, १०० ग्रॅम माशात साधारण २० ग्रॅम प्रोटीन असतं. सोयाच्या कोरड्या चुऱ्याचा जवळजवळ निम्मा भाग प्रोटीन असतो, म्हणून शाकाहारी पेशंटसाठी त्याच्याइतकी स्वस्त आणि कामाची वस्तू दुसरी नाही. एका वेळी दोन ते चार मोठे चमचे पुरतात. लहान मुलाचा चमचा आणि छोटी वाटी वापरा, मोठ्या ताटात वाढलं की हात सुटतो. जेवणाला २० ते ३० मिनिटं द्या. आधी प्रोटीन, मग भाजी, जागा उरली तरच भात.

जेवताना पाणी नाही, आणि जेवल्यावर अर्धा तास नाही. हा नियम मराठी जेवणात पाळणं खरोखर अवघड जातं, कारण पानाशेजारी पाण्याचं भांडं ठेवायची सवय असते. पहिले महिनाभर ते भांडं पेशंटच्या समोरून उचला.

सहाव्या आठवड्यानंतर कोणते पदार्थ अडकतात? पाव आणि ताजी मऊ पोळी, कारण त्यांचा चावून चिकट गोळा होतो. चिकट भात. कोरडे पोहे. मटण. शेवग्याच्या शेंगा, गवार, संत्र्याची साल-शिरा. बाजरी-ज्वारीची भाकरी वरणात कुस्करून काहींना लवकर चालते, काहींना तीन महिने लागतात. घास अडकला की छातीच्या मध्यभागी दाब येतो, तोंडाला चिकट लाळ सुटते. अशा वेळी वरून पाणी ओतू नका, ते अडकलेल्या घासावर साचून उलटी होते. उभं राहा, हळूहळू चाला, थांबा. काही तासांतही मोकळं झालं नाही किंवा लाळही गिळता येईना, तर हॉस्पिटल गाठा.

याच्या उलट शेव, चिवडा, बिस्किटं, खारी सहज उतरतात. पोट भरल्याची खूण न देता कॅलरी मात्र जमा होत राहतात. वर्ष-दोन वर्षांनी वजन परत चढताना अनेकदा हाच डबा कारण असतो, म्हणून तो आत्ताच घराबाहेर काढा.

तारीख ठरवताना पंचांगही बघावं असं मला वाटतं, पण वेगळ्या कारणासाठी. दिवाळीच्या फराळात, घरच्या गणपतीत किंवा लग्नघाईत पातळ पदार्थांवर राहणं पेशंटवर अन्याय आहे. भेटायला येणाऱ्यांना पेढे आणि फळांच्या टोपल्या आणू नका असं आधीच सांगा. ‘एवढ्याशाने काय होतंय, अजून दोन घास घे’ हे वाक्य घरातल्या वडीलधाऱ्यांनी या वेळी टाळायलाच हवं. ते दोन घास उलटीच्या रूपाने बाहेर येतात. एकादशी, नवरात्र, रोजे यांचे उपास सर्जनला विचारल्याशिवाय करू नयेत. निर्जळी तर पहिल्या वर्षात मनातही आणू नये.

औषधांचा डबा

जीवनसत्त्वं आणि खनिजं आता आयुष्यभराची. रोज मल्टिव्हिटॅमिन, कॅल्शियम सायट्रेट दिवसाला १२०० ते १५०० मिलिग्रॅम, पण एका वेळी ५००-६०० पेक्षा जास्त नाही, कारण त्याहून जास्त शोषलंच जात नाही, बी-१२ रोज ३५० ते १००० मायक्रोग्रॅम गोळीतून किंवा महिन्याला १००० मायक्रोग्रॅमचं इंजेक्शन, ड जीवनसत्त्व रक्ततपासणीप्रमाणे. पाळी येणाऱ्या स्त्रियांना लोह ४५ ते ६० मिलिग्रॅम लागतं. लोह आणि कॅल्शियममध्ये किमान दोन तासांचं अंतर ठेवा, आणि लोहाच्या आसपास चहा नको. सकाळच्या चहाबरोबर लोहाची गोळी घेणं म्हणजे ती बरीचशी वाया घालवणं. आपल्याकडे शाकाहारी लोकांत बी-१२ आणि ड आधीच कमी असतात. ऑपरेशनआधीच तपासून भरून काढा, नंतर भरणं जास्त अवघड जातं.

आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक या गटातल्या वेदनाशामक गोळ्या घरातून काढून टाका. बायपासनंतर त्यांनी जोडावर अल्सर होतो, कधी त्याला भोक पडतं. कॉम्बिफ्लाममध्ये आयब्युप्रोफेन असतं हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. दुखलं तर पॅरासिटामॉल, तेही ठरवून दिलेल्या मात्रेत. हृदयासाठी अॅस्पिरिन चालू असेल तर स्वतः बंद करू नका, सर्जन आणि हृदयरोगतज्ज्ञ दोघांना विचारा. ‘एसआर’ किंवा ‘एक्सआर’ लिहिलेल्या, म्हणजे औषध हळूहळू सोडणाऱ्या गोळ्या कुटून घेऊ नका, त्यांची सबंध दिवसाची मात्रा एकदम सुटते. त्याऐवजी दुसरा प्रकार लिहून घ्या. रक्तदाबाच्या, विशेषतः लघवी वाढवणाऱ्या गोळ्या पाणी कमी जात असताना तशाच चालू ठेवल्या तर मूत्रपिंडावर ताण येतो. ग्लुकोमीटर आणि रक्तदाबाचं यंत्र घरात हवंच. साखर वजन उतरण्याच्या आधीच, काही दिवसांत खाली येऊ लागते.

वजन झपाट्याने उतरताना पित्ताशयात खडे होतात, म्हणून अनेक सर्जन सहा महिने अर्सोडिऑक्सिकोलिक अॅसिड देतात. ते महाग वाटलं म्हणून मध्येच सोडू नका.

घर, आणि धोक्याच्या खुणा

चार ते सहा आठवडे चार-पाच किलोपेक्षा जास्त वजन उचलायचं नाही. पाण्याने भरलेला हंडा, बादली, कडेवरचं मूल, गॅसचा सिलिंडर, सगळं यात आलं. बैठं काम असेल तर दोन-तीन आठवड्यांची रजा सहसा पुरते. शेतीचं किंवा अंगमेहनतीचं काम असेल तर सहा आठवड्यांची सोय लावा. भारतीय पद्धतीचा संडास असेल तर खुर्ची-कमोड आणून ठेवा. पलंगाला डोक्याकडे उंची द्या. बद्धकोष्ठ होणारच, पण इसबगोल पहिल्या आठवड्यांत डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. त्याला भरपूर पाणी लागतं, आणि तेवढं तुम्ही पिऊ शकत नाही.

चालणं ऑपरेशनच्या दिवसापासूनच. पायातल्या शिरांत रक्ताची गुठळी होऊन ती फुप्फुसात जाणं हा मोठा धोका आहे. रक्त पातळ करण्याची इंजेक्शनं घरी घ्यायची असतील तर ती टोचायला कोण येणार हे आधी ठरवा. नांदेड-लातूरकडून पुण्या-मुंबईत ऑपरेशनला आलेल्यांनी परतताना दर तासाला गाडी थांबवून पाच मिनिटं चालावं. जमलं तर पहिला आठवडा हॉस्पिटलजवळच राहावं.

खांद्यात दुखणं पहिले दोन-तीन दिवस पोटात भरलेल्या वायूमुळे असतं आणि चालल्याने कमी होतं. पण कमी होण्याऐवजी वाढत असेल, किंवा सोबत ताप, वाढती पोटदुखी, धाप असेल, तर शिवणीतून गळती सुरू झाली असण्याची शक्यता असते. गळतीची अगदी लवकरची खूण म्हणजे नाडी. कोविडमध्ये घेतलेला पल्स ऑक्सिमीटर काढून ठेवा, त्यावर नाडीही दिसते. शांत बसलेलं असताना ती सतत १२० च्या वर असेल तर सकाळची वाट बघू नका. एका पायाला सूज आणि पोटरीत दुखणं, अचानक दम लागणं, काळी शौचास होणं, २४ तासांत पाणीही न टिकणं, या सगळ्यांना तोच नियम. सतत उलट्या होत असतील तर बी-१ म्हणजे थायमिनची कमतरता काही आठवड्यांतच मेंदूपर्यंत पोचते: तोल जातो, डबल दिसतं, गोंधळायला होतं. अशा पेशंटला ग्लुकोजच्या सलाईनआधी थायमिन द्यायला हवं. गावातल्या डॉक्टरांना ऑपरेशनची माहिती नसेल तर हे तुम्हालाच सांगावं लागेल.

त्यासाठी एक पातळ फाइल दाराजवळ ठेवा. तिच्यात डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशनची नोंद, औषधांची यादी, सर्जनचा रात्रीचा फोन नंबर. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत दोन ओळी लिहा: ‘जठराचं ऑपरेशन झालं आहे, तारीख अमुक. सर्जनशी बोलल्याशिवाय नाकातून नळी घालू नये.’ नव्या शिवणीवर आंधळेपणाने घातलेली नळी तिला भोक पाडू शकते.

त्याच फाइलमध्ये तीन, सहा आणि बारा महिन्यांच्या रक्ततपासण्यांच्या तारखा लिहून ठेवा, पुढे दरवर्षी एक. तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस गळतील. प्रोटीन, लोह आणि जस्त नीट असेल तर ते सहसा परत येतात. मूल होण्याच्या वयातल्या स्त्रियांनी आणखी एक तारीख टाकावी, ऑपरेशनपासून १२ ते १८ महिन्यांनंतरची. तोपर्यंत गर्भधारणा नको. वजन उतरताच पाळी नियमित होते, पीसीओएस (पाळी अनियमित करणारा हार्मोन्सचा विकार) असलेल्यांनाही दिवस लवकर राहू शकतात, आणि बायपासनंतर तोंडाने घ्यायच्या गर्भनिरोधक गोळ्यांवर पूर्ण विसंबता येत नाही. तांबी किंवा दुसऱ्या उपायाबद्दल स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोलणं ऑपरेशनच्या आधीच उरकून घ्या.